तिसऱ्या मजल्यावरची अमेरिका आणि पंडिता रमाबाईंची अमेरिका

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर लोकलमध्ये विंडो मिळाली तरच वाचायला घ्या.

गेल्या वर्षीची गोष्ट. २० सप्टेंबर २०२५, शनिवार. सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. "बाई, ट्रम्पने काय केलंय बघा ना. याला आजच्या आज निघायला सांगितलंय."

त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. एच-वन-बीवर, अकरा वर्षं झाली. वडील जाऊन दुसरं वर्ष, म्हणून पितृपक्षात आला होता. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सर्वपित्री अमावास्या होती. गुरुजी ठरलेले, केळीची पानं आणलेली. आणि रात्रीत बातमी आली की नव्या आदेशानुसार एच-वन-बीसाठी एक लाख डॉलर भरावे लागणार. म्हणजे सुमारे ८८ लाख रुपये. अंमल तिकडच्या शनिवारी मध्यरात्रीनंतर. कंपनीचा मेल आला होता: जे कोणी देशाबाहेर असतील त्यांनी मुदतीच्या आत परत या.

पोराने नेहमीच्या अडीच पट पैसे मोजून मिळेल त्या विमानाचं तिकीट काढलं. दुपारी एअरपोर्टला गेला. तो हवेत असतानाच खुलासा आला की ही रक्कम फक्त नव्या अर्जांना लागू आहे, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. तोवर काय उपयोग? रविवारी त्याच्या चुलत्यांनी डोंबिवलीहून येऊन श्राद्ध उरकलं.

त्या शनिवारी लिफ्टपाशी आमची सगळी म्हातारी मंडळी जमली होती. आमच्या सोसायटीत बत्तीस बिऱ्हाडं, त्यातल्या चौदा घरांतलं कोणी ना कोणी अमेरिकेत. मुलुंडच कशाला, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, कुठल्याही जुन्या सोसायटीत जा. तीन बेडरूम, दोन म्हातारी, एक मोलकरीण आणि भिंतीवर नायगाऱ्यासमोरचा फोटो. तर तिथे जो तो एकच वाक्य बोलत होता. "अमेरिका पूर्वी अशी नव्हती हो."

मीही मान डोलावली. आणि मग दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय. कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला, वॉशिंग्टनने स्वातंत्र्य मिळवलं, लिंकनने गुलामगिरी संपवली. तीन वाक्यं, तीन मार्क. पूर्वी अमेरिका कशी होती हे मला तरी कुठे ठाऊक होतं? चौदा घरांची पोरं त्या देशात आहेत, पण त्या देशाबद्दल वाचलेलं एकही पुस्तक आमच्या चौदा घरांत नाही. प्रवासवर्णनं आहेत, हो. ती आम्ही सगळेच लिहू शकतो. डिस्नेलँड, ग्रँड कॅन्यन, मॉलमधली स्वच्छता, आणि सून कशी एकटी सगळं करते ते.

म्हणून पुढच्या आठवड्यात वाचनालयात जाऊन एक पुस्तक काढलं. नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. लेखिका पंडिता रमाबाई. पहिली आवृत्ती १८८९, निर्णयसागर छापखाना, मुंबई.

इथे जरा थांबते, कारण वाचनालयातल्या मुलीचाही गोंधळ झाला. आपल्याकडे रमाबाई तीन. घाटकोपरच्या रमाबाई नगरला जिचं नाव आहे त्या माता रमाबाई आंबेडकर. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी त्या रमाबाई रानडे. आणि या तिसऱ्या, पंडिता. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे, ज्यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ पुराणं सांगत पायी देश फिरले. कलकत्त्याला पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, जातीबाहेर लग्न केलं, दोन वर्षांच्या आत नवरा गेला, पदरात मुलगी. पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. तेव्हा वय पंचवीस. आपल्या पंचविशीत आपण काय करत होतो हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

अमेरिकेला त्या गेल्या मार्च १८८६ मध्ये. निमित्त आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं. आनंदीबाई मूळ कल्याणच्या घरातल्या, म्हणजे आपल्या सेंट्रल लाइनवरच्याच की. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि रमाबाई तिथे हजर होत्या. वर्षभरातच आनंदीबाई क्षयाने पुण्यात वारल्या, वय एकविसावं. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, ज्यांच्या घरी त्या राहिल्या होत्या त्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या आहेत. आपल्या मंडळींपैकी कितीजण न्यूयॉर्कहून नायगाऱ्याला जाताना त्या बाजूने गेले असतील. मीसुद्धा २०१४ मध्ये गेले. कुणीतरी सांगितलं असतं तर उतरले असते.

रमाबाई थोड्या दिवसांसाठी गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. व्याख्यानं देत देश पालथा घातला. १८८७ मध्ये इंग्रजीत हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, ते तिकडे खूप खपलं. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली, तिने मुंबईत विधवांसाठी शाळा चालवायला दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली त्या तारखेला, चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी हे मराठी पुस्तक आलं.

आता गंमत बघा. इंग्रजी पुस्तक अमेरिकनांना भारत समजावण्यासाठी, मराठी पुस्तक आपल्याला अमेरिका समजावण्यासाठी. पहिल्याने पैसे आणले, नाव आणलं. दुसऱ्याला आपण जवळजवळ विसरलो. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून १८९३ मध्ये मोठं वादळ झालं, 'केसरी'ने झोडपलं, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. त्यात पुस्तकही बाजूला पडलं. मीरा कोसंबींनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं ते २००३ मध्ये, आणि तेही छापलं अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने.

पुस्तकाच्या नावातच त्यांचं वेगळेपण आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. मी कुठे गेले आणि काय खाल्लं हे नंतर. लोक कसे राहतात, राज्य कसं चालतं, शाळा कशा आहेत, धर्मसंस्था आणि दानधर्म, बायकांची स्थिती, हे आधी. राणीच्या राज्यात राहणाऱ्या मराठी वाचकाला त्या शांतपणे सांगतात की एक देश असा आहे जिथे राजा नाही, लोक मतं देऊन राज्यकर्ता निवडतात आणि मुदत संपली की तो घरी जातो. १८८९ मध्ये हे मुंबईत छापणं म्हणजे काय हे लक्षात घ्या. काँग्रेस तेव्हा चार वर्षांची होती.

पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. कोलंबसाच्या 'शोधा'मुळे तिथल्या मूळ रहिवाशांवर काय ओढवलं, हे त्या लिहितात. फसवणूक, कत्तल, जमिनी बळकावणं. आफ्रिकेतून माणसं धरून आणून गुलाम केली, हे लिहितात. ती प्रथा मोडायला कोण उभं राहिलं, हे कौतुकाने लिहितात, आणि प्रथा मोडल्यावरही कातडीच्या रंगाचा भेद गेलेला नाही, हेही लिहितात. मी २००८ पर्यंत वर्गात 'शोध लावला' एवढंच शिकवत होते. या बाईंनी ते सव्वाशे वर्षांपूर्वी मराठीत उलटं वाचून ठेवलं होतं.

त्या तिथे होत्या तो काळही बघा. मे १८८६, शिकागोत हेमार्केटचा बॉम्ब, आठ तासांच्या कामाची मागणी करणाऱ्यांवर खटले. सप्टेंबर १८८६, अपाची लोकांचा जेरोनिमो शरण आला. ऑक्टोबर १८८६, न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं अनावरण. फेब्रुवारी १८८७, मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनींचे तुकडे पाडून उरलेली जमीन गोऱ्यांना मोकळी करणारा डॉज कायदा. आणि चिनी मजुरांना देशात येऊ न देणारा कायदा तर १८८२ पासून लागू होता. म्हणजे एकीकडे देवी मशाल घेऊन 'या' म्हणत होती आणि दुसऱ्या किनाऱ्यावर दार लावलेलं होतं. पूर्वी अशी नव्हती म्हणे.

आता हे सगळं परक्याचं पुराण वाटत असेल तर आपल्या रुळांकडे या. १६ एप्रिल १८५३ ची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या अंगणातूनच. तेव्हा इथे मिठागरं आणि भातशेती. आठ वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी पेटली. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग इंग्रज वळले आपल्याकडे. खानदेश, वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांवरून, आणि जिथवर रूळ पोचले होते तिथून रेल्वेने, मुंबईला यायला लागला. भोर घाट १८६३ मध्ये खुला झाला, थळ घाट १८६५ मध्ये. कापसाचे भाव कित्येक पट झाले. मुंबईत इतका पैसा आला की लोक कंपन्यांचे कागद डोळे मिटून घ्यायला लागले, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद त्या सगळ्याचा राजा झाला. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला. बातमी इथे पोचली आणि भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, खुद्द बँक ऑफ बॉम्बे गेली. पुढे प्रेमचंदच्याच देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. आपण त्याखाली उभं राहून फोटो काढतो आणि तो पैसा कुणाच्या लढाईतून इकडे वळला हे विसरतो.

म्हणजे न्यूयॉर्कमध्ये शिंक आली की मुलुंडला ताप येतो, हे काही २०२५ चं नवं नाही.

ती यादवी संपून आठ वर्षं झाली तेव्हा पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली. १८७३. अमेरिका त्यांनी कधी पाहिली नाही. थॉमस पेनचं पुस्तक त्यांनी तरुणपणी वाचलं होतं, अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. आणि आपलं पुस्तक त्यांनी अर्पण केलं युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल. आमच्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता घेऊन शूद्र बांधवांना सोडवावं, ही इच्छा सोबत लिहिली.

शाळेत आम्ही अर्पणपत्रिकेचा हा मुद्दा एका मार्काला विचारायचो. त्यात त्यांनी केलं काय, हे मात्र मला निवृत्त झाल्यावर कळलं. जातीचा विषय तोवर धर्माचा, शास्त्राचा, रूढीचा होता. फुल्यांनी त्याला 'गुलामगिरी' म्हटलं. हजारो मैलांवरच्या एका लढाईतला शब्द उचलून आणला आणि आपल्या घरातल्या गोष्टीला लावला. एकदा गुलामगिरी म्हटलं की मग ती मोडता येते, कारण तिकडे मोडली आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी पण आरती ओवाळल्यासारखं होईल. त्याच १८७३ सालच्या एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या जमावाने डझनांवारी काळ्या माणसांना ठार मारलं. १८७७ पर्यंत उत्तरेने दक्षिणेतलं लष्कर आवरतं घेतलं आणि मुक्त झालेल्यांना पुन्हा जुन्या मालकांच्या दयेवर सोडलं. फुल्यांची अमेरिका म्हणजे अमेरिकेने स्वतःबद्दल दिलेलं वचन होतं. ती पाळते की नाही हे पुण्यातून दिसणं कठीण. रमाबाईंनी जाऊन पाहिलं, आणि तरी त्यांचंही पूर्ण दिसलं नाही. स्त्रियांच्या दारूबंदी संघटनेचं, तिच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांचं त्यांना मोठं अप्रूप. साहजिक होतं. इकडे बाईने सभेत बोलणं म्हणजे संकट, तिकडे लाखो बायका संघटना चालवतात. पण त्याच विलर्डबाईंशी पुढे, १८९० च्या दशकात, आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार स्त्रीला उघड भांडावं लागलं, कारण काळ्या पुरुषांना जमावाने फासावर लटकवण्याबद्दल विलर्डबाई धडपणे बोलेनात. रमाबाईंच्या शाळेचे पैसेही अशाच सज्जन बायकांकडून येत होते. पाहुण्याने यजमानाबद्दल किती लिहायचं? मला वाटतं, रंगभेदाबद्दल त्यांनी जेवढं लिहिलं तेवढं लिहिणं हेच धाडस होतं. इतकं तरी आमच्या पिढीतल्या किती जणांनी लिहिलं?

आता आपल्या व्हिसाच्या रांगेकडे येते.

भगतसिंग थिंड नावाचे एक पंजाबी गृहस्थ होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. नागरिकत्वासाठी अर्ज केला. तेव्हा कायदा असा की नागरिक व्हायचं तर माणूस गोरा तरी हवा किंवा आफ्रिकन वंशाचा तरी. थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? की आम्ही उच्चवर्णीय हिंदू, आर्य वंशाचे, म्हणजे गोरेच. आमच्याकडे खालच्या जातींशी आम्ही लग्न करत नाही, जसं तुमच्याकडे काळ्यांशी करत नाहीत. १९ फेब्रुवारी १९२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: पंडितांची व्याख्या काहीही असो, सामान्य गोरा माणूस तुम्हाला गोरा मानत नाही, विषय संपला. अर्ज फेटाळला. एवढंच नाही, आधी ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं अशा अनेक भारतीयांचं ते काढून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णोदास बगाई त्यांतले एक. त्यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. भारतीयांचं येणं तर १९१७ च्या कायद्यानेच बंद केलं होतं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं. किती? वर्षाला शंभर माणसं. अख्ख्या भारतातून शंभर!

थिंड यांचा युक्तिवाद मी दोनदा वाचला. राग आला, मग जरा लाजही वाटली. कारण आमच्या लिफ्टपाशी त्या दिवशी असंच काहीसं चाललं होतं. "मेक्सिकोवाले घुसतात ते ठीक आहे, आपली मुलं शिकलेली आहेत, टॅक्स भरतात." म्हणजे दार लावायला हरकत नाही, फक्त आम्हाला आत घेऊन लावा. शंभर वर्षांत वाक्याची कातडी बदललीय, सांगाडा तोच.

बरं, मग दार उघडलं कुणी? १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला, १९६५ च्या ऑगस्टमध्ये मतदानाचा हक्क देणारा कायदा. त्यासाठी काळी माणसं बसमध्ये, शाळेच्या दारात, पुलावर मार खात होती, तुरुंगात जात होती, मरत होती. वंश बघून माणसाला हक्क नाकारता येणार नाही, हे एकदा देशाने घरात मान्य केल्यावर दाराशी वंश बघणं अवघड झालं. ३ ऑक्टोबर १९६५ ला जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी बसून नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. आपले डॉक्टर, इंजिनिअर जायला लागले ते त्यानंतर. एच-वन-बी आला १९९० च्या कायद्याने. आज त्या व्हिसावरच्या दर दहांतले सातएक भारतीय असतात. आपल्या चौदा घरांची खरी इमिग्रेशन ऑफिसर अलाबामातली बसमधली जागा न सोडलेली ती बाई आहे, असं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हटलं तर सेक्रेटरी म्हणाले, बाई, पाण्याच्या टाकीचा विषय घेऊ या का.

असो.

फुले आणि रमाबाई यांच्यानंतर हा धागा तुटला असं मात्र नाही. आपल्याच लोकांनी धरून ठेवला, फक्त आपल्या सोसायट्यांच्या बाहेर. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ मध्ये त्यांनी तिथले काळ्या लोकांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय असं वाचलं, त्याची प्रत मिळेल का, अस्पृश्यांनाही तसंच करायचं आहे, अशा आशयाचं. ड्यू बॉइस यांचं उत्तर आलं. दोन माणसं, दोन समुद्र, आणि विचारणा एका कागदाच्या प्रतीची. मग १९७२ मध्ये इथे मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांनी दलित पँथर काढली. नाव घेतलं १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथरवरून. पुन्हा तेच, तिकडचा शब्द इकडच्या जखमेवर.

आणि आता उलटा प्रवास सुरू झालाय. इसाबेल विल्करसन या काळ्या पत्रकार लेखिकेने २०२० मध्ये अमेरिकेवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याचं नाव आहे 'कास्ट'. म्हणजे जात. त्यांचं म्हणणं, आमच्या देशाचा रोग नुसत्या 'वंश' या शब्दाने कळत नाही, तो जातीसारखा आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये आपली जात समजावी म्हणून त्यांचा 'गुलामगिरी' हा शब्द आणला. १४७ वर्षांनी त्यांच्या लेकीने त्यांची गुलामगिरी समजावी म्हणून आपला 'जात' हा शब्द नेला. पुस्तक तिकडे लाखांनी खपलं. मला त्यातलं सगळं पटत नाही. जात आणि वंश एका तागडीत टाकले की दोन्हीकडचे बारकावे निसटतात, आणि भारताबद्दलची पानं तर घाईत लिहिल्यासारखी वाटतात. पण शब्दांचा हा फेरा पूर्ण होताना बघून वाचताना अंगावर काटा आला, हे खरं.

आणि आपली मुलं? ती जात सोबत घेऊन गेलीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी करणारा नियम केला, अमेरिकेतल्या शहरांत पहिलाच. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते अडवलं. आमच्या ग्रुपवर तेव्हा काय धुरळा उडाला होता! तिकडे जात आहेच कुठे, असं म्हणणारे बहुतेक जण तेच, जे भावासाठी तिकडची स्वजातीय, शक्यतो ग्रीन कार्डवाली मुलगी शोधत होते. नावं घेत नाही, सगळे वाचताहेत.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना मी रमाबाईंचं पुस्तक दिवाळीनंतर दिलं. मुलाला फोनवर विचारलं तर म्हणाला, "काकू, मला वेळ नाही, आईला द्या, तिला काहीतरी हवंय करायला." वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. जुनी मराठी, लांब लांब वाक्यं, वाचतील असं वाटलं नव्हतं. महिन्याने चष्मा पुसत आल्या. राज्यव्यवस्थेचं प्रकरण सोडून दिलं, म्हणाल्या, ते तुमच्यासाठी. बायकांचं वाचलं. मग एकदम विचारलं, "त्यांची मुलगी होती ना हो? ती कुठे होती तेव्हा?"

मनोरमा. आईबरोबर आधी अमेरिकेला आली होती, पाच वर्षांची. मग रमाबाईंचा सगळा देश फिरायचा बेत ठरला, तेव्हा तिला परत इंग्लंडला तिथल्या मठातल्या सिस्टर्सकडे पाठवली. मी सांगितलं.

"एवढीशी? एकटी?"

"हो."

"पत्रं लिहायच्या का?"

"लिहायच्या. अमेरिकेत काय काय बघितलं ते सगळं तिला कळवायच्या."

वहिनी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हा रोज व्हिडिओ कॉल करतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का. त्या दिवशी विमानतळावर गेल्यावर त्याला काय वाटलं, पान वाढलेलं टाकून जाताना, ते अजून बोलला नाहीये."

पुस्तकाची मुदत संपत आली होती. त्यांनी विचारलं, अजून पंधरा दिवस वाढवून मिळेल का. वाढवून आणलंय.